गोळी घ्या, पण हिशेबानं!

गेल्या गळीत हंगामातली गोष्ट. डिसेंबरचा महिना, थंडी चांगली पडलेली, वजनकाट्यापाशी ट्रॅक्टर आणि बैलगाड्यांची रांग लागलेली. सकाळी कारखान्याचा दवाखाना उघडला तेव्हा आपले एक वयस्क सभासद बाहेर बाकावर बसलेले दिसले. स्वतःच्या उसाच्या ट्रॅक्टरवरच बसून आले होते. उजवा पाय बाकावर पसरलेला. धोतर वर केलं तर पाय घोट्यापासून गुडघ्यापर्यंत सुजून लालभडक, हात लावला तर तव्यासारखा गरम.

"आबा, कधी लागलं हे?"

"आठ दिस झालं आसतील. खोडव्यात पाणी धराय गेलतो, उसाचा बुडखा पायात घुसला. लई नव्हतं वो, एवढुसं."

"मग औषध काय केलंत?"

"गोळ्या घेतल्या की डॉक्टर! नातवाला मागल्या साली दिल्याल्या, चार उरल्या हुत्या फळीवर. दोन दिस घेतल्या, ठणका कमी आला, दिल्या बंद करून."

आबांना मधुमेह. त्याच दिवशी दुपारी त्यांना तालुक्याच्या रुग्णालयात पाठवावं लागलं. बारा दिवस खाटेवर काढले. पाय वाचला, पण करंगळी काढावी लागली. ऐन तोडणीत घरचा कर्ता माणूस दवाखान्यात, मुलाची निम्मी धावपळ रानात आणि निम्मी रुग्णालयात, खर्च झाला तो निराळाच.

"गोळ्या घेतल्या की डॉक्टर!" हे त्यांचं वाक्य मात्र माझ्या डोक्यातून जात नाही. आबा खोटं बोलत नव्हते. गोळ्या खरोखरच घेतल्या होत्या. पण त्या दुसऱ्याच्या, दुसऱ्या दुखण्याच्या, लहान पोराच्या मापाच्या, आणि घेतल्या किती तर दोन दिवस. दवाखान्यात बसल्यावर दर हंगामात असे चारदोन आबा भेटतातच. म्हणून सभासद बंधू-भगिनींनो, या अंकात उसाची लागण आणि खतांचे हप्ते थोडे बाजूला ठेवून अँटिबायोटिक या औषधाविषयी चार गोष्टी मांडतो.

हे औषध कुणावर चालतं?

आजार करणारे जंतू एकाच जातीचे नसतात. त्यातले जिवाणू ही एक जात, विषाणू ही दुसरी आणि बुरशी ही तिसरी. अँटिबायोटिक, म्हणजे मराठीत प्रतिजैविक, हे जिवाणूंवरचं औषध आहे. जखमेत पू होणं, न्यूमोनिया, विषमज्वर, लघवीच्या मार्गातला जंतुसंसर्ग, क्षयरोग ही जिवाणूंची कामं. साधी सर्दी, पडसं, फ्लू, डेंग्यू, चिकुनगुन्या, गोवर ही विषाणूंची. नायटा हा बुरशीचा.

आता आपल्या रानातलं उदाहरण घ्या. उसातल्या रुंद पानाच्या तणावर आपण टू-फोर-डी मारतो आणि ते जळतं. पण हराळीवर तेच मारून उपयोग होतो का? पैसे जातात, हराळी हिरवीगार राहते. विषाणूच्या सर्दीवर अँटिबायोटिक घेणं म्हणजे हराळीवर टू-फोर-डी मारणं. सर्दी पाच-सात दिवसांत आपोआप बरी होते आणि आपण म्हणतो, गोळीनं बरी झाली. शेंबूड पिवळा झाला म्हणजे अँटिबायोटिक हवंच, हीदेखील एक गैरसमजूत आहे. साध्या सर्दीतही तो पिवळा होतो.

पोरांच्या जुलाबाचंही तेच. पाण्यासारखे पातळ जुलाब बहुतेक वेळा अँटिबायोटिकशिवाय थांबतात. तिथं गरज असते ती पाणी, मीठ आणि साखर भरून काढण्याची. आपण साखर पिकवणारी माणसं. हे माप तर प्रत्येक घरात पाठ हवं. एक लिटर स्वच्छ पाणी, चहाच्या चमच्यानं सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. सरकारी दवाखान्यात ओआरएसची पुडी आणि झिंकच्या गोळ्या मिळतात, त्या तर त्याहून चांगल्या. शौचात रक्त पडत असेल, ताप असेल, पोर मलूल पडलं असेल किंवा लघवी होत नसेल, तर मात्र घरी थांबू नका.

बुरशीतून निघालेलं औषध

या औषधाचा जन्म १९२८ सालचा. लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात अलेक्झांडर फ्लेमिंग हे शास्त्रज्ञ जिवाणू वाढवून त्यांचा अभ्यास करीत होते. एका बशीत चुकून बुरशी वाढली आणि तिच्या आजूबाजूचे जिवाणू मेलेले त्यांना दिसले. त्या बुरशीतून जे निघालं ते पेनिसिलिन. पुढं फ्लोरी आणि चेन यांनी ते माणसाला देता येईल अशा रूपात आणलं आणि दुसऱ्या महायुद्धात त्यानं असंख्य जखमी सैनिक वाचवले. १९४५ साली तिघांना मिळून नोबेल पारितोषिक मिळालं.

आपल्या महाराष्ट्राचाही याच्याशी जुना संबंध आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीनं १९५४ साली पुण्याजवळ पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली, आणि बाहेरून येणारं पेनिसिलिन आपल्या देशात तयार होऊ लागलं. डिस्टिलरीत मळीवर यीस्ट पोसून आपण अल्कोहोल काढतो, साधारण त्याच पद्धतीनं मोठ्या टाक्यांत बुरशीला साखर खायला घालून पेनिसिलिन काढतात. तेव्हा हे औषध आपल्याला अगदीच परकं नाही.

नोबेल पारितोषिक घेताना केलेल्या भाषणातच फ्लेमिंग यांनी एक इशारा देऊन ठेवला होता. हे औषध दुकानात कुणालाही मिळू लागेल, माणूस ते कमी मापात घेईल आणि जंतू मरण्याऐवजी शहाणे होतील, असा त्याचा अर्थ. ऐंशी वर्षं होऊन गेली. आबांच्या घरातल्या फळीवर नेमकं तेच घडलं.

जंतू शहाणे होतात म्हणजे काय?

हे शेतकऱ्याला समजावून सांगायला नकोच. एकच कीटकनाशक वर्षानुवर्षं मारलं, तेही कमीजास्त मापानं, की काय होतं? कच्च्या किडी मरतात, चिवट तेवढ्या राहतात आणि पुढची पैदास त्यांचीच होते. २०१७ साली विदर्भ-मराठवाड्यात बीटी कपाशीवर गुलाबी बोंडअळी कशी तुटून पडली हे आपण पाहिलं. ज्या कपाशीनं अळी मरायची, तीच कपाशी अळीनं खाल्ली.

जंतूंचंही असंच आहे. फरक एवढाच की अळीची पिढी व्हायला आठवडे लागतात आणि काही जिवाणू अर्ध्या तासात एकाचे दोन होतात. म्हणून ते लवकर शहाणे होतात. असे शहाणे झालेले जंतू मग घरात, गावात, रुग्णालयात एकाकडून दुसऱ्याकडे जातात. ज्यानं आयुष्यात कधी चुकीची गोळी घेतली नाही, अशा सुनेला बाळंतपणात किंवा नातवाला न्यूमोनियात तेच जंतू गाठतात, आणि नेहमीची औषधं चालत नाहीत. एका मोठ्या अभ्यासानुसार २०१९ या एका वर्षात जगभरात सुमारे १२ लाख ७० हजार माणसं अशा औषधाला न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळे दगावली. तेव्हा चुकीची गोळी ही माझ्या एकट्याच्या शरीराची बाब राहत नाही. पाटाचं पाणी एकानं बेहिशेबी वापरलं की शेवटच्या रानाला कमी पडतं, तसंच हे आहे.

आपल्या उसाच्या रानातला ताप

आता खास आपल्या पिकाशी जोडलेला एक आजार सांगतो. त्याचं नाव लेप्टोस्पायरोसिस. उसात उंदीर-घुशींना लपायला जागा आणि खायला गोड. त्यांच्या मुतातून हा जिवाणू साचलेल्या पाण्यात, चिखलात उतरतो. पाणी धरणाऱ्या, भांगलण करणाऱ्या किंवा ऊस तोडणाऱ्या माणसाच्या पायाच्या भेगांतून, हाताच्या कापल्या-चिरल्या जागेतून तो अंगात शिरतो.

ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या ऊसपट्ट्यात इंगम गावच्या परिसरात १९३४-३५ च्या सुमारास या तापानं तोडणी कामगारांना ग्रासलं. उंदरांचा बंदोबस्त व्हावा म्हणून आधी ऊस पेटवा आणि मगच आम्ही तोडू, असं म्हणत १९३५ साली त्यांनी संप केला. त्या वेळी या रोगावर त्यांच्या हाताशी अँटिबायोटिक नव्हतं. आपल्याला आज ऊस पेटवायची गरज नाही. गमबूट आहेत, जखम झाकायला पट्टी आहे आणि वेळेवर मिळाली तर बरं करणारी औषधं आहेत.

अचानक थंडी वाजून ताप येणं, डोकं आणि विशेषतः पोटऱ्या जबर दुखणं, डोळे लाल होणं ही याची लक्षणं. आजार वाढला की डोळे पिवळे होतात, लघवी कमी होते, धाप लागते. घोटाळा इथं होतो की डोळे पिवळे झाले म्हणजे कावीळ समजून माणूस झाडपाला घ्यायला जातो, नाहीतर दुकानातून तापाची गोळी घेऊन पुन्हा रानात उतरतो. त्यात मोलाचे चार दिवस जातात. हा रोग जितक्या लवकर ओळखाल तितकं औषध चांगलं चालतं. म्हणून ताप आला तर डॉक्टरांना आपणहून सांगा, "मी उसाच्या रानात, पाण्यात काम करतो." हे एक वाक्य पुष्कळदा निदानाची दिशा बदलून टाकतं.

घेताना एवढं पाळा

तोडीची चिठ्ठी आल्याशिवाय आपण उसाला कोयता लावत नाही. अँटिबायोटिकलाही डॉक्टरांची चिठ्ठी लागते. त्याच्या पाकिटावर उभी लाल रेघ असते. या रेघेची माहिती लोकांना व्हावी म्हणून केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं २०१६ साली मोहीमही काढली. मार्च २०१४ पासून कायद्यानं अनेक महत्त्वाच्या अँटिबायोटिकांसाठी दुकानदारानं वेगळी वही ठेवायची आहे. तीत डॉक्टर, रोगी, औषध आणि नग यांची नोंद करून ती वही तीन वर्षं जपायची आहे. दुकानदार चिठ्ठी मागतो तेव्हा तो अडवणूक करीत नसतो, आपलंच रक्षण करीत असतो.

१. डॉक्टरांकडे गेल्यावर आपलं सगळं सांगा. पूर्वी कुठल्या गोळीनं अंगावर गांधी उठल्या होत्या का, मधुमेह आहे का, मूत्रपिंडाचा त्रास आहे का, बाई गरोदर आहे का किंवा अंगावर पाजते आहे का, दुसरी कुठली औषधं चालू आहेत का. काही अँटिबायोटिकं गरोदर बाईला आणि लहान मुलांना देत नाहीत. काहींमुळे मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्याची रक्तातली साखर एकदम खाली येते.

२. "डॉक्टर, एक सुई माराच" असा हट्ट धरू नका. डॉक्टरांनाच विचारा, "मला अँटिबायोटिकची गरज आहे का? किती दिवस घ्यायची? कधी परत यायचं?" सुई मोठी आणि गोळी छोटी असं औषधात नसतं.

३. सांगितलं तितकेच दिवस घ्या, कमी नाही आणि जास्तही नाही. आजाराप्रमाणे मुदत बदलते. कुठं तीन दिवस पुरतात, कुठं पाच-सात, आणि क्षयरोगाला साधारण सहा महिने किंवा त्याहूनही अधिक. पहिल्या महिन्यातच खोकला थांबला म्हणून क्षयाच्या गोळ्या सोडणारा माणूस पुढं औषधाला दाद न देणारा क्षय घरात आणतो. क्षयाचं औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं. मधेच बरं वाटलं किंवा त्रास झाला तर डॉक्टरांना विचारा. आपल्या मनानं बंद करू नका.

४. वेळ पाळा. दिवसातून तीन वेळा म्हणजे साधारण आठ-आठ तासांनी. सकाळी न्याहारीला एक आणि दुपारच्या आत दुसरी, असं नको. एखादी चुकली तर आठवताच घ्या. पण पुढच्या गोळीची वेळ झालीच असेल तर चुकलेली सोडून द्या. दोन एकदम घेऊ नका.

५. कशाबरोबर घ्यायची तेही विचारा. टेट्रासायक्लिन, डॉक्सिसायक्लिन, सिप्रोफ्लॉक्सासिन यांसारखी औषधं दूध, लोहाच्या किंवा कॅल्शियमच्या गोळ्या आणि ॲसिडिटीचं औषध यांच्याबरोबर घेतली तर अंगात नीट उतरत नाहीत. डॉक्सिसायक्लिन पेलाभर पाण्याबरोबर घ्या आणि लगेच आडवे होऊ नका, घशात-छातीत जळजळतं. ते चालू असताना उन्हानं कातडी लवकर भाजते. रानात जाताना अंगभर कपडे आणि डोक्याला टोपी किंवा पदर हवा. मेट्रोनिडाझोल चालू असताना दारू अजिबात नको.

६. पोरांचं पावडरीचं औषध उकळून गार केलेल्या पाण्यात, बाटलीवरच्या खुणेपर्यंत कालवा. प्रत्येक वेळी हलवून, सोबतच्या मापानंच द्या. कालवलेलं औषध बाटलीवर लिहिलेल्या मुदतीनंतर टाकून द्या. ती मुदत बहुधा आठ-पंधरा दिवसांचीच असते.

७. उरलेली गोळी फळीवर ठेवू नका, शेजाऱ्याला देऊ नका. "माझं नि तुझं दुखणं एकच" हे डोळ्यांना दिसतं, जंतूंना नाही.

८. गोळी घेतल्यावर अंगभर गांधी उठल्या, ओठ-डोळे सुजले, धाप लागली, चक्कर आली तर गोळी थांबवून तडक रुग्णालय गाठा. तिथं सकाळची वाट पाहायची नाही. जोराचे जुलाब सुरू झाले तरी डॉक्टरांना कळवा.

जखम आणि जनावरं

कोयता किंवा बुडखा लागला तर पहिलं औषध म्हणजे वाहतं स्वच्छ पाणी आणि साबण. चांगली पाच मिनिटं धुवा, स्वच्छ कापड बांधा आणि धनुर्वाताची सुई कधी घेतली होती ते आठवा. आठवत नसेल तर डॉक्टरांना विचारा. कॅप्सूल फोडून तिची पूड जखमेत भरायची पद्धत आपल्याकडे अजून आहे, ती सोडा. हळद, माती, तंबाखूही नको. मधुमेह असेल तर पायाची जखम लहान म्हणून बघूच नका, त्याच दिवशी दाखवा. नायट्यावर दुकानातलं कुठलंही मिश्र मलम चोळू नका. त्यात बऱ्याचदा स्टेरॉइड असतं. खाज थांबते आणि नायटा पसरतो.

गाई-म्हशीला कासदाह झाला, म्हणजे आपल्याकडे ज्याला दगडी म्हणतात ती, तर सडात औषध सोडतात. तेही अँटिबायोटिकच. त्यानंतर जितके दिवस दूध बाजूला ठेवायला पशुवैद्य सांगतील, तितके दिवस ते डेअरीला घालू नका आणि घरातल्या पोरालाही पाजू नका. दूध उकळलं म्हणून त्यातलं औषध जाईलच असं नाही. कोलिस्टिन हे माणसाच्या शेवटच्या आशेचं औषध पूर्वी कोंबड्यांच्या खाद्यातही घालत. जुलै २०१९ मध्ये सरकारनं खाद्य म्हणून पाळल्या जाणाऱ्या जनावरांत त्याच्या वापरावर बंदी घातली, ती याच काळजीपोटी.

टोळीची काळजी

शेवटी एक गोष्ट जरा स्पष्ट लिहितो. आपला ऊस तोडायला येणारी माणसं पाचटाच्या खोपीत राहतात. एक दिवस कामावर गेलं नाही तर त्यांच्यावर खाडा पडतो. म्हणून तापानं फणफणलेली बाईसुद्धा दुकानातून दोन गोळ्या आणून पहाटे फडात उभी राहते. तिला गोळीचं नाव ठाऊक नसतं आणि माप तर नाहीच. चार महिन्यांनी ती गावी परत जाते तेव्हा जंतूही तिच्याबरोबर जातात. सभासद म्हणून आपण एवढं करू शकतो. आपल्या फडात कुणी आजारी दिसलं तर मुकादमाला सांगून त्या दिवशीचा खाडा लावू देऊ नये, आणि आपल्याच गाडीनं त्याला प्राथमिक आरोग्य केंद्रात पोचवावं. ज्यांच्या हातून आपला ऊस काट्यावर जातो, त्यांचा ताप हा आपलाही ताप आहे.

आबा परवा कारखान्यावर आले होते. चालताना थोडं लंगडतात, पण पायात बूट होता. खिशातून एक घडी केलेला कागद काढून माझ्यापुढं धरला. नातवाला खोकला झाला होता, गावातल्या डॉक्टरांनी तपासून लिहून दिलं होतं की अँटिबायोटिक नको, वाफ द्या आणि दोन दिवसांनी दाखवा.

"गोळीच दिली न्हाई बगा," आबा म्हणाले. "सून रुसली, म्हनली एवढं पैसं देऊन कागूदच आनला. म्या म्हनलं, न्हाई दिली त्येच बरं. माजी करंगळी इच्यार."

नातू तिसऱ्या दिवशी शाळेत गेला.